पहिला बिबडा

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, साक्ष देणं, देवाने आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सांगणं, हे चांगल्या साडीतलं काम होतं. हायस्कुलातल्या मास्तरीणबाई साक्ष द्यायच्या. दवाखान्यातल्या एक सिस्टर द्यायच्या. बँकेतले एक साहेब होते, ते साक्ष द्यायला उभे राहिले की पोरंबाळं झोपून जायची. मी चौथी पास. माझ्याकडे उपासनेआधी सतरंज्या घालायचं आणि नंतर झटकून घडी घालायचं काम होतं. ते मी नीट करत होते. माझ्या हातच्या घडीत कोपऱ्याला कोपरा लागलेला असायचा. पण साक्ष देणं आपलं काम नाही, हे मीही धरून चालले होते. ते चुकलं होतं. कसं चुकलं आणि मी ते कसं सुधारलं, ते सांगते.

हे धुळ्यातलं आहे, आमच्या गल्लीत पहिला टीव्ही आला त्या वर्षातलं. माझं माहेर चोपड्याकडचं, सातपुड्याच्या पायथ्याचं. वडील ख्रिस्ती झालेले, मी जन्मापासूनच ख्रिस्ती. लग्न होऊन धुळ्यात आले. मालक एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते. ते छातीच्या दुखण्याने गेले. मग मी बालवाडीत मदतनीस म्हणून लागले आणि दोन मुली वाढवल्या. दोघी शिकल्या, दोघी नोकरीला लागल्या. कोणाच्या दारात मी काही मागायला गेले नाही.

गल्लीत दहाएक घरं. बरीचशी शेतीवाल्यांची, पोरांच्या शाळेसाठी गावातून येऊन राहिलेली. माझ्या भिंतीला भिंत लागून एक बौद्ध घर. ख्रिस्ती मी एकटीच. मला सगळ्या अक्का म्हणायच्या, माझ्याहून मोठ्या असलेल्यासुद्धा.

त्या वर्षी मंडळीत नवीन पाळक, म्हणजे पाद्री, आले. तरुण होते. भुसावळला रेल्वे कॉलनीत वाढलेले, त्यामुळे आवाज मोठा. गाडी जात असतानाही ऐकू जावं असं बोलायचे. उन्हाळ्याच्या तोंडावर त्यांनी एक उपदेश केला. म्हणाले, प्रभूची सुवार्ता सांगणं हे पगारी माणसाचं काम नाही. ज्याने विश्वास धरला त्या प्रत्येकाचं आहे. भाजी घेता तिथे, दळण दळता तिथे, ऑफिसात, नळावर. कोणाला ओढून आणायचं नाही, कोणाच्या देवाला नावं ठेवायची नाहीत. आपल्याला काय मिळालं ते सांगायचं. महिन्याभरात निदान एका माणसाला सांगा आणि इथे उभं राहून ते बोला.

मला ते पटलं. घरी जाऊन काय सांगायचं याचा विचार करणार, तोच मंडळीचे सेक्रेटरी उठले आणि त्यांनी प्रत्येकाच्या हातात पंचवीस-पंचवीस पत्रिका दिल्या. गुळगुळीत कागद, वर उगवत्या सूर्याचं चित्र, आत बारीक अक्षर. मला बरं वाटलं. आता बोलायची गरज नाही, पत्रिका बोलेल. दोन दुपारींत मी सगळ्या वाटून टाकल्या. दारात उभी राहून म्हणायचे, "घे, वाच." समोरची विचारायची, "काय शे?" मी म्हणायचे, "चांगलं आहे." एवढ्यात माझी सुवार्ता संपत होती.

गल्लीतल्या निम्म्या बायांना वाचता येत नव्हतं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. त्यांची पत्रं मीच वाचून दाखवायचे. तरी मी पत्रिका वाटल्या. आठवडा झाला आणि समोरच्या घरातली नानी माझ्याकडे आली. ही आमच्या गल्लीची पुढारीण. वय साठीच्या पुढे, आवाज फौजदाराचा.

"अक्का, हाऊ कागद आखो शे का तुनाकडे?"

माझं मन भरून आलं. म्हटलं, वाचून घेतला वाटतं कोणाकडून. "आणखी पाहिजे? कशाला?"

"डब्बामा घालाले. भलता चांगला शे वं. पापडले चिकटत नही."

मी तिच्या घरी जाऊन पाहिलं. उडदाच्या पापडांची चळत, खाली उगवता सूर्य, वर उगवता सूर्य. गल्लीत प्रत्येक डब्यात तेच.

पुढच्या रविवारी उपासनेनंतर बैठक झाली. कोणी काय केलं ते सांगायचं होतं. मी म्हणाले, पंचवीसच्या पंचवीस वाटल्या. सगळ्यांनी माना डोलावल्या. सेक्रेटरींनी विचारलं, "लोकांचा प्रतिसाद कसा आहे?"

"चांगला आहे. पापड चिकटत नाहीत."

मला खोटं बोलता येत नाही, आणि मी हसवायला बोलले नव्हते. पण बैठक हसली. मास्तरीणबाईंनी तोंडाला रुमाल लावला. सेक्रेटरी हसले नाहीत, ते चिडले. म्हणाले, "बाई, तुम्ही आपल्या सतरंज्यांचं बघा. बोलायचं काम बोलणाऱ्यांना करू द्या."

पाळक तेवढे शांत होते. त्यांनी विचारलं, "अक्का, पत्रिका दिल्यात, ठीक आहे. तुम्ही काय सांगितलंत?"

सेक्रेटरींचा राग मी रस्त्यातच विसरले. त्यांना कारकुनी करून करून सगळ्यांवर खेकसायची सवय लागली होती. पाळकांचा प्रश्न मात्र घरापर्यंत आला. वीस वर्षं मी त्या गल्लीत राहत होते. मी काय सांगितलं होतं? मी रविवारी चर्चला जाते, हे त्यांना माहीत. नाताळात करंज्या वाटते, हे माहीत. मी कुंकू लावत नाही, हेही माहीत. पण माझ्या पातेल्याला कुंकू लागत होतं. दर वर्षी, माझ्याच अंगणात, माझ्या डोळ्यांसमोर. ते कसं, हे कळायला आधी बिबड्यांचं सांगावं लागेल.

खानदेशात उन्हाळ्यात बिबडे नसतील तर ते घर कसलं. ज्वारी तीन दिवस भिजवायची, वाळवून जाडसर दळायची. मग पहाटे मोठ्या पातेल्यात आधण ठेवून, तीळ, लसूण, मीठ-मिरची घालून तिचा घट्ट घाटा शिजवायचा. दोघीतिघींनी आळीपाळीने लाकडी दांडा धरून ढवळायचा, कारण एकीचे खांदे उतरतात. घाटा गरम असतानाच ओल्या कापडावर गोल थापायचा आणि खाटेवर पसरलेल्या जुन्या लुगड्यावर उलटा टाकायचा. ऊन कडक लागलं तर दोन दिवसांत बिबडा खडखडीत. हे एकट्या घरचं काम नाही. म्हणून आज हिच्या अंगणात, उद्या तिच्या, अशी सगळी गल्ली फिरायची. माझा हात त्यात पहिल्या दोघींत धरला जायचा. माझा बिबडा तळला की ताटाएवढा फुलायचा.

चाल अशी होती की घाट्याला हात लावण्याआधी पातेल्याला हळदकुंकू लावायचं आणि पहिले पाच बिबडे सवाष्णीने घालायचे. विधवा बाईने दांडा धरला तर चालायचं, पाणी आणलं तर चालायचं. पाच पडल्यावर तिने थापायला बसायचं. माझे मालक होते तोवर माझा याच्याशी संबंध आला नाही. नानी कुंकू लावायची, मी म्हणायचे, लावू दे, आपलं काय जातं. मी तर सगळ्या यायच्या आधी दार लावून घाईघाईत प्रार्थना उरकून घ्यायचे. दार का लावायचे? त्याचं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं. आता आहे. लाजत होते.

मालक गेले. त्यानंतरच्या उन्हाळ्यात माझ्याच अंगणात, माझ्याच ज्वारीचा पहिला बिबडा नानीने घातला. मला कोणी मागे हो म्हटलं नाही. मीच चुलीजवळून उठून भिंतीशी जाऊन बसले. कोणी सांगायच्या आधी उठलं की अपमान होत नाही, असं मला वाटलं. अशी मी सहा वर्षं बसले. ज्याला मी प्रभू म्हणते त्याने मला कधी भिंतीशी बसवलं नव्हतं. तरी मी बसले, आणि वर मंडळीत जाऊन गाणी म्हटली. शेजारची बौद्ध बाई माझ्यापेक्षा धीट. तिने पहिल्याच वर्षी सांगून टाकलं होतं, "माझ्या अंगणात असलं काही नाही. बिबडे खायचेत, पुजायचे नाहीत." त्यावरून तिच्या अंगणातल्या दिवशी काही जणींना अंगदुखी व्हायची. तिने कधी पर्वा केली नाही.

त्या वर्षी भिंतीशी बसणाऱ्या आम्ही दोघी झालो. नानीचा धाकटा मुलगा टेम्पो चालवायचा. दिवाळीच्या आधी आग्रा रोडवर अपघातात गेला. त्याची बायको पंचविशीचीही नव्हती. गल्लीत सगळ्यांत पातळ, सगळ्यांत गोल बिबडा थापावा तर तिने. त्या उन्हाळ्यात तिला दांड्याला लावलं. घामाने भिजेपर्यंत ती घाटा ढवळायची आणि थापायची वेळ आली की गुमान भिंतीशी येऊन माझ्याशेजारी बसायची. आधी बडबडी होती. आता काही बोलत नव्हती. पहिल्या अंगणात ती अशी येऊन बसली तेव्हा मी जरा सरकून तिला जागा करून दिली. नंतर मला माझाच राग आला. हिला इथे जागा आहे हे दाखवणारी मीच.

पुढच्या आठवड्यात बिबडे माझ्या अंगणात होते. आदल्या संध्याकाळी थोडे ढग आले. पण ज्वारी दळून झाली होती, ठेवली तर आंबली असती. पहाटे मी चूल पेटवली. त्या दिवशी मी दार लावलं नाही आणि आधी प्रार्थनाही उरकली नाही. बाया आल्या. आधण उकळलं, पीठ वैरलं, दांडा फिरायला लागला. घाटा होत आला तशी नानी वाटीत हळदकुंकू घेऊन पुढे आली.

मी म्हणाले, "नानी, आज थांब. माझं घर आहे. मी माझ्या देवाशी बोलून सुरू करते."

"मंग बोल ना. कोन अडावस तुले?"

तिला वाटलं मी मनातल्या मनात करीन. मी डोक्यावर पदर घेतला आणि मोठ्याने प्रार्थना केली. लांबलचक केली नाही. म्हणाले, प्रभू येशू, ज्वारीबद्दल तुझे उपकार, या सगळ्या हातांबद्दल उपकार. आम्हा दोघींचे नवरे गेले, पण तू आम्हाला मागे बसवलं नाहीस. मीच बसले, मला क्षमा कर. आमेन.

आमेन म्हणणारी मी एकटीच. कोणीतरी खुदकन हसलं. दांडा जिच्या हातात होता ती तशीच थांबली होती. शेजारची बौद्ध बाई म्हणाली, "झालं का देवाशी बोलून? घाटा खाली लागतोय."

मी नानीच्या सुनेकडे वळले. "ये. पहिला बिबडा तू घाल."

नानीचा आवाज अख्ख्या गल्लीत गेला असेल. "येड लागनं का तुले? तिना हात कसाले लावस? बठ्ठा बिबडा वाया जातीन!"

"का जातील?"

"कसाले म्हंजे? आमना बठ्ठास्मा आसंच चालस. तुना देवले चालस का हाई?"

आता आली होती वेळ. हा प्रश्न मला वीस वर्षांत कोणी विचारला नव्हता, कारण मी विचारायला जागाच ठेवली नव्हती. मी आमच्या अहिराणीत बोलले, इथे जरा सरळ करून लिहिते. "चालतं. माझ्या देवाने मला जवळ केलं तेव्हा माझं कपाळ पाहिलं नाही. मालक गेले, मी दोन महिने उठत नव्हते. तुम्ही सगळ्या भाकरी घेऊन आलात, ते मी विसरले नाही. पण तुम्ही आपापल्या घरी गेल्यावर माझ्याजवळ तो होता. मला म्हणाला नाही, तू आता पांढऱ्या पायाची, मागे राहा. मला म्हणाला, ऊठ, पोरी शाळेत जायच्या आहेत. आणि आमच्या धर्मात सगळ्यांत मोठी बातमी पहिल्यांदा कोणी सांगितली, माहीत आहे? बायांनी. पहाटे आपल्या कामाला गेलेल्या बायांनी. त्यांना कोणी विचारलं नाही, तुझा नवरा आहे का."

मी सुनेकडे पाहिलं. मला वाटलं होतं तिचे डोळे चमकतील वगैरे. तसलं काही झालं नाही. ती सासूकडे पाहत होती, आणि घाबरली होती. तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी बोलून मोकळी होणार. नानीच्या घरात राहायचं तिला होतं. आभाळ तर ढगाळ. बिबडे खराब झाले तर जन्मभर तिच्या हाताला दोष लागणार.

मी म्हणाले, "बरं. पहिला मी घालते. घर माझं, ज्वारी माझी, आणि मीही तिच्यासारखीच. वाईट झालं तर माझ्या नावावर. पण दुसरा तिचा."

ज्याचं अंगण त्याचा शब्द, हीही चालच होती. मी घाट्याचा गोळा घेतला, ओल्या कापडावर थापला. बिबडा एका बाजूला जाड झाला. सहा वर्षांनी माझ्या घरचा पहिला बिबडा मी लुगड्यावर टाकला. दुसरा तिने घातला. तो चंद्रासारखा होता. मग तिसरा, चौथा. नानी कुंकवाची वाटी हातात घेऊन उभीच होती. शेवटी तिने वाटी कोनाड्यात ठेवली आणि पदर खोचून बसली थापायला. काम सोडून जाणारी ती नव्हती. एवढं मी तिचं मानते.

दुपारी आभाळ भरलं. दुसऱ्या दिवशीही सूर्य दिसला नाही. माझे निम्मे बिबडे आंबूस झाले, काळे पडले, म्हशीपुढे टाकावे लागले. नानी येऊन बघून गेली. "सांगं होतं ना मी तुले?"

"नानी, वर बघ. ढग तुझ्या घरावरही आहेत. मागच्या साली तुझे बुरशीने गेले तेव्हा पहिला कोणी घातला होता?"

ती वळून घरी गेली. पुढच्या तीन अंगणांत मला बोलावणं आलं नाही. इतक्या वर्षांत हे पहिल्यांदा झालं. सकाळी दाराबाहेर दांड्याचा आवाज यायचा, तिळाचा वास यायचा आणि मी घरात बसून तांदूळ निवडायचे. वाईट वाटलं का? वाटलं. पण पश्चात्ताप झाला नाही. घरात बसले होते तरी भिंतीशी बसले नव्हते. बोललेली बाई घरात बसली होती. यातला फरक ज्याला कळत नाही त्याला मी समजावून सांगू शकणार नाही.

पाचव्या-सहाव्या दिवशी दुपारी नानीची सून आली. हातात माझी चाळणी होती, नानीने कधीतरी नेलेली. चाळणी ठेवून ती गेली नाही. उंबऱ्याशी उभी राहिली.

"अक्का, तुम्ही त्या दिवशी म्हणालात, बायांनी बातमी सांगितली. कोणती बातमी?"

मी तिला आत बसवलं. माझ्याकडे पत्रिका नव्हती, सगळ्या पापडांखाली होत्या. बरं झालं नव्हत्या. मी माझ्या तोंडाने सांगितलं. येशूला कसं मारलं, शुक्रवारी घाईत कसं पुरलं. बाप्ये, म्हणजे त्याचे शिष्य, सगळे दार लावून बसले होते, भीतीने. रविवारी पहाटे बाया उठल्या. मेलेल्या माणसाचं बायांनी जे करायचं असतं ते करायला सुगंधी मसाला घेऊन निघाल्या. वाटेत त्यांना काळजी काय, तर कबरीच्या दारावरचा धोंडा कोण सरकवेल. जाऊन बघतात तर धोंडा सरकलेला आणि आत कोणी नाही. त्यांना सांगितलं गेलं, तो जिवंत आहे, जा, सांगा. त्या गेल्या आणि सांगितलं. बाप्यांनी विश्वास ठेवला नाही. म्हणाले, बायांची बडबड.

ती पहिल्यांदा हसली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. "बठ्ठीकडे सारखंच."

"सारखंच."

"त्यातल्या कोणी विधवा होत्या का?"

"लिहिलेलं नाही. कोणी विचारलंच नसेल."

मग ती म्हणाली, "आणखी ऐकायचं असलं तर मला देव बदलावा लागतो का?"

"ऐकायला काही लागत नाही. कान लागतात."

त्यानंतर ती येत राहिली. कधी निवडायला काही घेऊन, कधी शिवायला. मला जे येत होतं ते मी सांगितलं. जे येत नव्हतं त्याला मला येत नाही म्हटलं. पाळकांना विचारून ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी सांगायचे. चौथी पास बाई, पण त्या महिन्यात मी बायबल जेवढं वाचलं तेवढं आयुष्यात वाचलं नव्हतं.

एका रविवारी ती म्हणाली, मला तुमचं मंदिर बघायचंय. मी म्हटलं, घरी सांगून ये. ती सांगून आली, आणि तिच्यामागे नानी आली. सुनेला कोण काय करतं ते बघायला. नानी दारात चपलांजवळ बसली, आत ये म्हटलं तरी आली नाही. दीड तास टक लावून बघत होती. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "भजन चांगलं शे तुमनं. पन ढोलकी ढिली शे. कोनी तरी आवळा तिले."

सेक्रेटरी रजिस्टर घेऊन धावत आले. "नवीन आहेत का? नाव सांगा, नाव लिहू."

मी म्हणाले, "ती ऐकायला आली आहे. नाव तिच्या घरी आहे." त्यांनी रजिस्टर मिटलं.

त्याच्या पुढच्या रविवारी पाळकांनी विचारलं, कोणी साक्ष देणार का. मी उठले. कॉटनची धुवट साडी होती, तीच नेहमीची. पातेल्याचं, कुंकवाचं, सहा वर्षं भिंतीशी बसल्याचं, सगळं सांगितलं. माझे बिबडे खराब झाले तेही सांगितलं. चांगल्या उन्हाची साक्ष मला देता येत नव्हती. मधे कोणी हसलं नाही. बँकेतले साहेब पुढे वाकून ऐकत होते.

सेक्रेटरींनी हात वर केला. "मग त्या बाई मंडळीत कधी येणार?"

मी म्हणाले, "ते तिने ठरवायचं आणि देवाने. माझ्या वाट्याचं सांगणं होतं. ते मी सांगितलं. वीस वर्षं उशिरा सांगितलं, पण सांगितलं."

पाळक खाली बघून हसले आणि गाणं सुरू केलं. उपासना संपल्यावर मास्तरीणबाई माझ्यासोबत सतरंजीचं दुसरं टोक धरायला आल्या. हे कधी झालं नव्हतं. हळूच म्हणाल्या, "अक्का, मी इतकी वर्षं साक्ष देते, पण इथेच देते. शाळेत कोणाला एक शब्द सांगितला नाही. तुम्ही कशी सुरुवात केलीत?"

मला मोठेपणा मिळाला हे मी नाकारत नाही. हायस्कुलाच्या मास्तरणीने मला विचारलं. मी म्हणाले, "मधल्या सुट्टीत तुम्ही बाया डबे खाता ना? तिथे तुम्ही आपल्या देवाचं काय लपवून ठेवता ते आधी बघा. आणि पत्रिका नेऊ नका."

पुढे गल्लीतलं बोलावणंही आलं. दांड्याला माणूस कमी पडलं की बाया जुन्या गोष्टी लवकर विसरतात. कोणाचं पोर तापलं, कोणाचा निकाल लागायचा असला की निरोप यायचा, "अक्का, तुना देवले सांगी ठेव." मी सांगायचे. त्यांच्यासमोर सांगायचे, मोठ्याने. नानीच्या अंगणात पहिला बिबडा नानीच घालत राहिली. पण सुनेला भिंतीशी बसायला तिने पुन्हा सांगितलं नाही. तसं ती बोलून दाखवणार नव्हतीच. नुसतं ओरडायची, "बस ना वं, घाटा थंडा व्हयी ऱ्हायना."

सुनेने पुढे बाप्तिस्मा घेतला का, हे मंडळीतले लोक मला अजून विचारतात. ती गोष्ट तिची आहे. कोणाला ऐकायची असेल त्याने तिला विचारावी. मला माहीत आहे ते एवढंच, आणि ते मी माझ्या कानांनी ऐकलं आहे.

दुसऱ्या उन्हाळ्यातली सकाळ. नळाला रांग होती. तिची नणंद माहेरपणाला आली होती. नवऱ्याशी काही बिनसलं होतं, आठ दिवस तोंड पाडून होती. दोघी माझ्या पुढे हंडे घेऊन उभ्या. मी मागे आहे हे त्यांना माहीत नव्हतं. सून तिला सांगत होती, "तीन बाया सकायमा उठीसन गयात. हातमा हळद आनि मसाला व्हता. देखं ते धोंडा बाजूले सरकेल."

"मंग?"

"मंग काय, त्यास्ले सांगं, जा, बठ्ठास्ले सांगा. पयत गयात त्या. चपला बी तठेच ऱ्हाई गयात."

हळद नव्हती. चपलांचं तर कुठेच लिहिलेलं नाही. बाया तीन होत्या की जास्त, यावर मी तिला दोन वेळा सांगितलं होतं. पण नणंदेने हंडा खाली ठेवला होता आणि वर मान करून ती ऐकत होती. मी गप्प राहिले.

"आनि बाप्या?" नणंदेने विचारलं.

"बाप्या घरमा. दार लाईसन."

मागून नानी ओरडली, "आगे सरका ना वं, पानी भरा! गोष्टी मंग सांगजात!" सुनेने मागे पाहिलं, मी दिसले. ती जराशी लाजली. मग तिने हंडा नळाखाली लावला आणि पाण्याच्या आवाजात ऐकू जावं म्हणून आणखी मोठ्याने पुढचं सांगायला लागली.